थरथरणारा हात आणि ती दहा मिनिटं

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

सांगली जिल्ह्यातल्या एका भगिनीनं सासऱ्यांबद्दल लिहिलं आहे. वय सदुसष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षक. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. वर्षभरापासून आबांचा उजवा हात थरथरतो. टीव्हीसमोर निवांत बसले की जास्त. चालणं मंदावलंय आणि सही दिवसेंदिवस बारीक होत चाललीय. गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून बी-१२ची इंजेक्शनं दिली, फरक पडला नाही. आबांना बीपी आहे, पण गोळी 'डोकं जड झालं की' घेतात. पित्तासाठी एक कॅप्सूल मात्र दोन-तीन वर्षं रोज सकाळी न चुकता चालू आहे. पत्राच्या मध्येच एक वाक्य आहे: 'तीन आठवड्यांपूर्वी जेवताना त्यांच्या डाव्या हातातून पाण्याचा पेला निसटला, बोलणं जड झालं, तोंड जरा वाकडं वाटलं, पण दहा मिनिटांत सगळं ठीक झालं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.'

नवरा म्हणतो, वय झालंय. पुण्याची नणंद म्हणते, थेट मोठ्या हॉस्पिटलात न्या आणि एमआरआय काढा. आबा म्हणतात, 'मेंदूच्या डॉक्टरकडे? मला काय वेड लागलंय का?' भगिनी विचारतात: 'न्यूरोलॉजिस्टकडे नेमकं कधी जायचं असतं? घाबरून उगाच खर्च नको आणि उशीरही नको. आधी एमआरआय काढून घेऊ का? ता.क. माझ्याही हाताला रात्री मुंग्या येतात, पण ते कामानं असेल.'

उत्तर:

ताई,

तुमचा प्रश्न थरथरणाऱ्या हाताचा आहे आणि त्याचं उत्तर मी सविस्तर देणारच आहे. पण तुमच्या पत्रातली सगळ्यांत तातडीची गोष्ट तो हात नाही, तो पेला आहे. एका हातातली ताकद एकदम जाणं, त्याच वेळी जीभ जड होणं, तोंड एका बाजूला ओढलं जाणं आणि काही मिनिटांत सगळं पहिल्यासारखं होणं, हे वर्णन ऐकून कुठलाही डॉक्टर आधी 'टीआयए'चा, म्हणजे तात्पुरत्या पक्षाघाताच्या झटक्याचा, विचार करेल. यात मेंदूकडे जाणाऱ्या एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, तेवढ्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो आणि मग गुठळी आपोआप विरघळते किंवा पुढे सरकते. नळात अडकलेला गाळ निघून पाणी पुन्हा सुरू झालं, तरी टाकीत गाळ असतोच. तो तिथं कशानं साठला हे शोधलं नाही, तर पुढच्या वेळी तो दहा मिनिटांत सुटेल याची काही खात्री नसते.

घरात कुणी मनावर घेतलं नाही याचा दोष मी कुणाला देत नाही. माणूस उठून चालायला-बोलायला लागला की घरच्यांना हायसं वाटतं, ते स्वाभाविक आहे. पण टीआयएनंतर पक्क्या पक्षाघाताचा धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यांत जास्त असतो आणि पुढचे तीन महिने तो बऱ्यापैकी राहतो. म्हणून असा झटका येऊन गेलेल्या माणसाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं असतं, मग तो कितीही ठणठणीत दिसो. तुमचे सगळ्यांत धोक्याचे दिवस सुदैवानं निभावून गेले. तीन महिने अजून गेलेले नाहीत.

तेव्हा उद्या सकाळी आबांना घेऊन निघा. न्यूरोलॉजिस्टची वेळ आठ-दहा दिवसांनंतरची मिळत असेल तर तोवर थांबू नका. तालुक्याच्या गावी एमडी मेडिसिन झालेले फिजिशियन असतील, त्यांच्याकडे जा आणि पेल्याचा प्रसंग पहिल्याच वाक्यात सांगा. ते बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल बघतील. ईसीजी काढतील, कारण हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर तिथं गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते. मानेतल्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, आणि मेंदूचा स्कॅन सांगतील. मग रक्त पातळ ठेवणारी गोळी द्यायची का, कोणती आणि किती दिवस, ते ठरेल. ही गोळी शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून घरी सुरू करू नका. मेंदूत रक्तस्राव झालेला असेल तर तीच गोळी घातक ठरते आणि ते स्कॅनशिवाय कळत नाही.

आणि बीपीची गोळी रोज. 'डोकं जड झालं की' नव्हे. बीपी वाढलेलं बहुतेकांना कळतच नाही, डोकं हलकं असतानाही ते वाढलेलं असू शकतं. आबांनी एवढी एक सवय बदलली तरी पक्षाघाताचा धोका पुष्कळ कमी होईल. तपासणी होईपर्यंत त्यांना मोटारसायकल चालवू देऊ नका. मागे बसून गेले तर चालेल.

असं पुन्हा झालं तर काय करायचं हे घरातल्या प्रत्येकाला, शाळकरी मुलांनाही, आजच सांगून ठेवा. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं किंवा असंबद्ध होणं, एका डोळ्यानं दिसेनासं होणं, एकाएकी तोल जाणं: यातलं काहीही अचानक झालं की 'बघू या पाच मिनिटं' करायचं नाही. १०८ ला फोन करायचा किंवा हाताशी असेल त्या गाडीनं निघायचं. घड्याळ बघून वेळ लिहून ठेवायची. माणूस शेवटचा नीट कधी दिसला होता, ही वेळ डॉक्टरांना लागते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी रक्तवाहिनी बंद पडली असेल तर तारेनं गुठळी बाहेर काढण्याची सोय काही रुग्णांत २४ तासांपर्यंत असते, पण तीही जितकी लवकर तितकी चांगली. अशा पक्षाघातात दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा एक अंदाज आहे. वाटेत पाणी, चहा, गोळी काही द्यायचं नाही, कारण गिळणं बिघडलेलं असेल तर ते श्वासनलिकेत जातं.

आपल्या भागात लकव्यावर झाडपाल्याचं औषध देणारी ठिकाणं पुष्कळ आहेत आणि लोक पहाटे गाड्या भरून तिकडे जातात. माझी कळकळीची विनंती आहे, त्या पहिल्या काही तासांत कुठल्याही परिस्थितीत तिकडे वळू नका. तुमच्या गावापासून सांगली-मिरजेकडे सगळ्यांत जवळ कुठल्या हॉस्पिटलात सीटी स्कॅन चोवीस तास चालू असतो आणि गुठळीचं इंजेक्शन मिळतं, हे या आठवड्यातच फोन करून विचारा आणि भिंतीवर लिहून लावा. ऐन वेळी या दारातून त्या दारात फिरण्यात तास-दोन तास सहज जातात.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. तुमच्या घरात आजार एकाच गोष्टीवर तोलला गेला, त्रास किती होतोय यावर. हात वर्षभर थरथरतोय, डोळ्यांना दिसतोय, म्हणून त्याची काळजी. पेल्याचा त्रास दहा मिनिटांत संपला, म्हणून तो विसरला गेला. मेंदू आणि नसांच्या आजारात मात्र त्रास किती आहे यापेक्षा तो कसा सुरू झाला आणि कुठल्या वेगानं बदलतोय हे आधी विचारायचं असतं. क्षणात आलं असेल तर मिनिटांत निघायचं, मग ते आपोआप गेलं तरी. दिवसांत वाढत असेल तर त्याच दिवशी दाखवायचं. महिन्यांत वाढत असेल तर वेळ घेऊन, तयारीनं न्यूरोलॉजिस्टकडे जायचं. आणि वर्षानुवर्षं तसंच असेल, वाढत नसेल, तर बहुतेक वेळा फॅमिली डॉक्टर पुरेसे असतात.

दिवसांत वाढणाऱ्या आजाराचं उदाहरण आपल्या राज्यानं अलीकडेच पाहिलं. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण एकदम वाढले. यात शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते. दूषित पाण्यातून पोटाचा संसर्ग आणि त्यानंतर हा त्रास, असा संबंध समोर आला. आधी जुलाब होतात, मग आठवड्या-दोन आठवड्यांनी पायांत मुंग्या आणि अशक्तपणा येतो, जिना चढवत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताकद हातांतूनही जायला लागते. काहींचा श्वास अडकतो. अशा वेळी 'जुलाबानं थकवा आलाय, ग्लुकोज लावा' म्हणून घरी राहिलं तर जिवावर बेततं. पायांतली ताकद काल होती त्यापेक्षा आज कमी असेल, तर अतिदक्षता विभाग असलेल्या हॉस्पिटलात जायचं. वेळेत उपचार झाले तर बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात.

तोंड वाकडं होणं नेहमी पक्षाघातच असतं असं नाही. 'वारं गेलं' म्हणतात त्यात चेहऱ्याची एक नस सुजते, डोळा मिटत नाही, चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळतं, हातपाय मात्र ठीक असतात. पण हा फरक घरी करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण यातही स्टेरॉइडच्या गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू झाल्या तर नस बरी होण्याची शक्यता वाढते. शेक देण्यात आणि मालिश करण्यात हेच तीन दिवस निघून जातात.

डोकेदुखीबद्दल मला फार पत्रं येतात, म्हणून इथंच सांगते. वर्षानुवर्षं उन्हात गेल्यावर किंवा उपास केल्यावर अर्धं डोकं ठणकतं, उलटी झाल्यावर बरं वाटतं, अशी एकाच ठरावीक पद्धतीची डोकेदुखी बहुधा मायग्रेन असते आणि ती चांगला फिजिशियन सांभाळू शकतो. पण आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी मिनिटभरात शिगेला पोचली, किंवा डोकेदुखीसोबत ताप आणि मान आखडणं किंवा बरळणं असेल, तर थेट इमर्जन्सी. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकं दुखायला लागलं, किंवा खोकल्यावर वा झोपल्यावर वाढतं, किंवा नजर धूसर होते, किंवा बाळंतपणाच्या आगेमागे सुरू झालं, यातलं एकही असेल तर या आठवड्यात दाखवा. पन्नाशीनंतर कानशील दुखतंय आणि दिसणं कमी होतंय असं एकत्र झालं तर त्याच दिवशी, कारण डोळा कायमचा जाऊ शकतो. आणि महिन्यातले दहा-पंधरा दिवस दुखण्याची गोळी लागत असेल, तर त्या गोळ्याच डोकेदुखी टिकवून धरत असतात, तेही सांगा.

पहिली फिट आली की ती थांबली तरी न्यूरोलॉजिस्ट हवाच. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर १०८. कांदा, चप्पल, दातांत चमचा यातलं काही नको. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, आणि कुणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. तो असभ्यपणा नाही. त्या एका मिनिटाच्या व्हिडिओवरून डॉक्टरांना जे कळतं ते अर्ध्या तासाच्या वर्णनातून कळत नाही.

कंबरदुखीत लघवी अडली किंवा जांघेत बधिरपणा आला तर तीही इमर्जन्सीच.

आता आबांचा हात. निवांत असताना थरथरतो, एकाच बाजूचा, सोबत चाल मंद आणि अक्षर बारीक: या चौघांची बेरीज कंपवाताकडे, म्हणजे पार्किन्सन्सकडे, बोट दाखवते. म्हणजे तोच आहे असं मी म्हणत नाही. न्यूरोलॉजिस्टकडे जाण्याआधी तुम्ही घरी चार गोष्टी नीट बघू शकता. आबांना खुर्चीत बसवून दोन्ही हात मांडीवर सैल ठेवायला सांगा आणि एकोणतिसाचा पाढा म्हणायला लावा. शिक्षक आहेत, आनंदानं म्हणतील. मन पाढ्यात गुंतलं की कंपवाताची थरथर जास्त उघड होते, अंगठा तर्जनीवर घासत राहतो. मग त्यांना अंगणात फेरी मारायला सांगा. डावा हात झुलतोय आणि उजवा अंगाला चिकटलेला आहे का? वळताना एका झटक्यात वळतात की छोटी छोटी पावलं टाकत? एकच ओळ पाच-सहा वेळा लिहून घ्या. वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेल्या माणसाचं अक्षर ओळीगणिक आक्रसत गेलं तर ते लगेच दिसतं. बँकेच्या जुन्या कागदावरची दहा वर्षांपूर्वीची सही मिळाली तर आजच्या सहीशेजारी ठेवा आणि दोन्ही बरोबर न्या.

शिवाय फोडणीचा वास येतो का, बद्धकोष्ठ किती वर्षांचं आहे, झोपेत ओरडतात किंवा लाथा मारतात का, हेही सासूबाईंना विचारा. कंपवातात या तक्रारी थरथरीच्या कितीतरी वर्षं आधीपासून असू शकतात आणि त्या कुणी डॉक्टरांना सांगत नाही, कारण त्यांचा हाताशी काही संबंध असेल असं वाटतच नाही. याउलट दोन्ही हात कापतात, चहाचा कप उचलताना जास्त कापतात, वडिलांचेही कापायचे, असं असेल तर तो वेगळा, बहुधा सौम्य प्रकारचा कंप असतो. थायरॉइड वाढल्यानं हात थरथरतात. दम्याच्या औषधानं थरथरतात.

आणि आता ती पित्ताची कॅप्सूल. तिची स्ट्रिप हातात घ्या आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेली औषधांची नावं वाचा. पित्ताच्या पुष्कळ कॅप्सूलमध्ये आम्ल कमी करणाऱ्या औषधासोबत लेव्होसल्पिराइड नावाचं दुसरं औषध असतं. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड, चक्करेसाठी सर्रास मिळणारं सिनारिझिन, मायग्रेनसाठीचं फ्लुनारिझिन, ही त्याच पंगतीतली. महिनोन्‌महिने घेतल्यावर ही औषधं, विशेषतः वयस्कर माणसांत, हुबेहूब कंपवातासारखी थरथर आणि मंदपणा आणू शकतात. औषध बंद झाल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुष्कळांचा त्रास ओसरतो. दोन-तीन वर्षं रोज चालू असलेली कॅप्सूल ही साधी गोष्ट नाही. नाव सापडलं तर फोटो काढून गावातल्या डॉक्टरांना लगेच दाखवा आणि बदलून देता येईल का विचारा. त्यांना न विचारता स्वतःहून काही बंद करू नका. मेडिकलवाल्यानं 'पित्ताचं घ्या' म्हणून दिलेली स्ट्रिप वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा आणली जाते आणि चिठ्ठीवर ती कुठेच नसते, हे मी ओपीडीत इतकं पाहते की आता प्रत्येक थरथरणाऱ्या रुग्णाला पहिला प्रश्न हाच विचारते.

बी-१२बद्दल. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी माणसांत आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत, त्याची कमतरता खरंच आढळते. तळपायांना मुंग्या, अंधारात तोल जाणं, विसरभोळेपणा यात बी-१२ बघायलाच हवं. तुमच्या डॉक्टरांचा विचार अगदीच चुकीचा नव्हता. पण एका हाताची निवांतपणीची थरथर सहसा बी-१२च्या कमतरतेनं होत नाही. आणि तपासणी न करता इंजेक्शनं घेतली की नंतर रक्तात आकडा भरपूर दिसतो, मूळ कमतरता होती की नाही ते कळत नाही. इंजेक्शनं कधी आणि किती घेतली ते लिहून न्या.

तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिलेल्या मुंग्यांना मी ताजा कलम समजत नाही. रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागतो का? अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत जास्त, करंगळी सुटलेली, असं आहे का? धुणं, पीठ मळणं, धारा काढणं, खुरपणं या कामांत मनगट सतत वाकतं आणि मनगटातून जाणारी नस दाबली जाते. हा त्रास बायकांत खूप आहे आणि बहुतेकींना रात्री मनगटाला सरळ ठेवणारा पट्टा बांधून आराम पडतो. गावातल्या डॉक्टरांनाच दाखवा, थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. हातातून भांडी निसटायला लागली, किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग चपटा दिसायला लागला, तर न्यूरोलॉजिस्ट किंवा हाडांचे डॉक्टर नसेची तपासणी करतील आणि लागलं तर छोटी शस्त्रक्रिया होते. आबांना दाखवायला जाल त्याच फेरीत तुमचाही केसपेपर काढा.

न्यूरोलॉजिस्टची गरज नसलेलं पुष्कळ काही असतं, तेही सांगते, कारण खर्चाची तुमची काळजी रास्त आहे. पापणी फडफडणं, रात्री पोटऱ्यांत गोळे येणं, संध्याकाळी डोकं आवळल्यासारखं वाटणं, एखादं नाव पटकन न आठवणं. कूस बदलल्यावर काही सेकंद घर गरगर फिरतं आणि थांबतं, ती चक्कर बहुधा कानातली असते आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर मान ठरावीक पद्धतीनं वळवून ती पुष्कळदा एकाच भेटीत घालवतात. विसरण्याबाबत मात्र एक करा: चष्मा कुठे ठेवला ते विसरणं आणि रोजच्या देवळातून घरची वाट न सापडणं यात फरक करा. दुसरं होत असेल तर वेळ घ्या.

आबांच्या 'मला काय वेड लागलंय का' याला घरात कुणी हसलं असेल तर हसू नका. त्या वाक्यात भीती आहे. त्यांना सांगा, मनाच्या आजारांचे डॉक्टर वेगळे, सायकिअॅट्रिस्ट, आणि त्यांच्याकडे जाण्यातही काही कमीपणा नाही. ऑपरेशन करणारे न्यूरोसर्जन वेगळे. न्यूरोलॉजिस्ट मेंदू, मणक्यातली मज्जारज्जू, नसा आणि स्नायू यांच्या आजारांवर औषधांनी उपचार करतात. तिथं काय होईल तेही आधी सांगा: बोट नाकाला लाव, बोटं आपट, डोळे मिटून उभा राहा, हातोडीनं गुडघ्यावर टिचकी, बाहेर बोळात चालून दाखव. टोचणं-कापणं काही नाही. थरथरीसाठी यायला तयार नसतील तर बीपीसाठी चला म्हणा. तेही खरंच आहे. आणि हे सांगायचं काम, जमलं तर, तुमच्यापेक्षा गावातल्या डॉक्टरांना करू द्या. सुनेनं सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात त्या पिढीत अजून फरक पडतो.

नणंदेचा आग्रह प्रेमाचा आहे, पण एमआरआय आधी स्वतःहून काढू नका. कंपवाताचं निदान मुख्यतः तपासून, चालवून, लिहायला लावून होतं. साधा एमआरआय त्यात बऱ्याचदा नॉर्मल येतो आणि मग घरचे म्हणतात, 'रिपोर्ट चांगला आहे, काही नाही.' पेल्याच्या प्रसंगासाठी स्कॅन लागेलच, पण कुठला, रक्तवाहिन्यांसकट की नाही, हे तपासल्यावर डॉक्टर सांगतील. आधीच काढलात तर दुसऱ्यांदा पैसे जाण्याची शक्यता जास्त.

जाताना एका कागदावर तारखांनिशी लिहा: थरथर कधी लक्षात आली, पेल्याचा प्रसंग किती वाजता, किती मिनिटं, कुठली बाजू. घरात असलेली सगळी औषधं, चूर्णं आणि काढेसुद्धा, एका पिशवीत भरून न्या. हाताचा आणि चालीचा मिनिटभराचा व्हिडिओ काढून ठेवा, कारण डॉक्टरांसमोर हात हमखास शांत बसतो. तो प्रसंग ज्यानं डोळ्यांनी पाहिला तो माणूस बरोबर हवा. तुम्ही पाहिला असेल तर तुम्ही जा, नवऱ्याला एकट्याला पाठवू नका.

पैशांचं म्हणाल तर सुरुवात पुण्यापासून करायची गरज नाही. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तुमच्या जिल्ह्यातच आहे, तिथल्या मेडिसिन विभागाच्या ओपीडीत दाखवता येतं, आणि पुढे पाठवायचं असेल तर ते चिठ्ठी देतात. दाखल व्हायची वेळ आली तर रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, दाखल होतानाच तिथं चौकशी करा. ओपीडीतली तपासणी साधारणपणे योजनेत बसत नाही, तेवढी तयारी ठेवा.

कंपवात निघालाच तर तो मुळापासून जात नाही, पण त्यावरचं लेव्होडोपा १९६०च्या दशकापासून वापरात आहे आणि नीट डोस बसला तर माणूस अनेक वर्षं स्वतःचं स्वतः करतो. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, रुग्ण आणि त्यांना सांभाळणारे दोघंही तिथं एकमेकांशी बोलतात. तिथं रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. पहिल्या भेटीत न्यूरोलॉजिस्ट 'आत्ताच नक्की सांगत नाही, कॅप्सूल थांबवून तीन महिन्यांनी या' असंही म्हणू शकतात. ती टाळाटाळ समजू नका, अशा आजारात पुढचे महिनेच निदान पक्कं करतात. निघताना तीन गोष्टी विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या: संशय कशाचा आहे, काय दिसलं तर ठरल्या तारखेआधी यायचं, आणि ती तारीख कोणती. त्या चिठ्ठीची एक प्रत गावातल्या डॉक्टरांकडे द्या, कारण मधल्या काळात बीपी तेच बघणार आहेत.